साडेतीन वाजता येणारा उद्या

प्राध्यापकांनी घड्याळ करायला घेतले त्या दिवसापासून घरातला पंखा बंद झाला. पंख्याने धूळ उडते, उडालेली धूळ घड्याळात शिरते, आणि एकदा काच बसली की आत अडकलेला कण मालकाकडे जन्मभर डोळे वटारून बघत राहतो, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. वाचलेले सगळे खरे मानणे हा त्यांचा पेशाच होता. पंख्यामागोमाग खिडक्या मिटल्या, चादरी झटकणे थांबले, लोकरीची शाल कपाटात गेली. जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद अंथरला गेला. त्यावर दिवा, भिंग, चिमटे आणि झाकणे घातलेल्या काचेच्या वाट्या आल्या. घरात माणसे दोनच. ती ओट्याशी उभी राहून जेवू लागली.

प्राध्यापक सौंदर्यशास्त्र शिकवत. 'हात आणि यंत्र' या विषयावरचे त्यांचे व्याख्यान प्रसिद्ध होते. ते इतक्या ठिकाणी दिले गेले होते की त्याला एव्हाना यंत्राची सफाई आली होती. हाताने घडवलेल्या वस्तूत घडवणाऱ्याचा श्वास असतो, या वाक्यावर श्रोते हमखास हळवे होत. प्राध्यापकांच्या स्वतःच्या हातांनी मात्र खडू, पेन आणि चहाचा कप यांपलीकडे आजवर काही धरल्याचे कुणाच्या पाहण्यात नव्हते. न्हाणीघरातला नळ गळू लागला की ते न्हाणीघराचे दार लावून घेत.

त्यांची बायको दातांची डॉक्टर. परक्या माणसांच्या तोंडात, ओल्या अंधारात, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत कोरणे, घासणे आणि भरणे यात तिचा दिवस जाई. तिच्या कामात घडवणाऱ्याचा श्वास असतो असे अद्याप कुणी म्हटले नव्हते. उलट तो रोग्याला लागू नये म्हणून ती नाकातोंडाला फडके बांधत असे. टेबलावरचे भिंग तिचे होते. चिमटेही तिचेच.

व्याख्यानाचा आणि घड्याळाचा संबंध प्राध्यापकांनी मागाहून जोडला. मुळात या सगळ्यामागे होते दादा.

दादा म्हणजे प्राध्यापकांचे थोरले बंधू, फरशांचे मोठे व्यापारी. लहानपणी दादांना आखूड झालेले सदरे प्राध्यापकांच्या अंगावर आले. दादांचे बूट, दादांची सायकल, दादांचे नाव खोडलेली पुस्तके, सगळे त्याच वाटेने आले. पुढे प्राध्यापक शिकले, विद्वान झाले, परिसंवादांना मानाने बोलावले जाऊ लागले. पण दादांच्या घरी रविवारच्या जेवणाला गेले की ते पुन्हा आखूड सदऱ्यातले 'छोट्या' होत. दादांच्या मनगटावर एका नामांकित कंपनीचे घड्याळ असे. बोलता बोलता ते बाही वर सारत, "किती वाजले बरं?" असे स्वतःलाच विचारत, आणि उत्तर मिळेपर्यंत मनगट सर्वांना दिसेल असे धरून ठेवत. भिंतीवर समोरच दुसरे घड्याळ होते. त्याच्याकडे पाहण्याची पद्धत त्या घरात नव्हती.

प्राध्यापकांना हवे होते ते एवढेच: दादांनी एकदा, आयुष्यात निदान एकदा, धाकट्याच्या मनगटाकडे पाहून विचारावे, "हे कुठलं रे?" आणि आपण सहज, पाण्याचा पेला पुढे सरकवावा तसे म्हणावे, "मी केलं." हे दोन शब्द ते दाढी करताना आरशासमोर म्हणून बघत. पहिल्या शब्दावर जोर दिला तर उद्धटपणा वाटे, दुसऱ्यावर दिला तर खुलासा. शेवटी त्यांनी दोन्ही शब्द सारख्याच आवाजात म्हणायचे ठरवले.

सुटे भाग टपालाने आले. घड्याळाचे यंत्र ज्या कारखान्यातून आले तिथे माणसाचा हात लागलाच तर तो बटण दाबण्यापुरता.

"हे तर चालतंय की," यंत्र कानाशी धरून बायको म्हणाली. "आता राहिलं काय?"

"ते नुसतं हृदय आहे. शरीर मला घडवायचंय."

"शरीर त्या दुसऱ्या खोक्यात आहे. काच तिसऱ्यात. पट्टा बहुतेक उद्या येईल."

"आणि तबकडी? तबकडी मी करणार. काटे मी निळे करणार."

"अहो, करा. पण मला टेबल कधी मिळेल तेवढं सांगा."

न्यायाने सांगायचे तर प्राध्यापकांनी मेहनत केली. पितळेच्या पत्र्यातून तबकडी कापली, घासली, पांढऱ्या रोगणाने रंगवली. तारखेसाठी तिला कानशीने एक चौकोनी खिडकी पाडली. ती किंचित तिरकी झाली, तेव्हा तिरकेपणाला त्यांनी 'हाताची सही' असे नाव दिले. मग काटे. पोलादी काटे तव्यावर, पितळेच्या किसावर ठेवून मंद आचेवर तापवायचे. ते आधी पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळे होतात, आणि मग एका क्षणापुरता असा निळा रंग चढतो की तिथल्या तिथे ते उचलले तर जन्मभर टिकावा. उशीर झाला की राखाडी. पहिली जोडी राखाडी झाली, कारण निळाई येताच प्राध्यापकांना तिचे वर्णन सुचले. दुसरी जोडी राखाडी झाली, कारण ते वर्णन ते बायकोला ऐकवायला गेले. तिसऱ्या जोडीला बायको तव्यापाशी उभी राहिली आणि "आता!" म्हणाली.

पुरी झालेली तबकडी पाहून मात्र त्यांनी ती पालथी घातली. ती घरची दिसत होती. पांढरी, सालस, निराधार. दोन दिवस त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी बारीक कुंचल्याने तिच्यावर परक्या वळणाच्या अक्षरांत एका घड्याळवाल्या घराण्याचे नाव लिहिले. असे घराणे पृथ्वीच्या पाठीवर नव्हते. ते नाव खुद्द प्राध्यापकांनाही दोनदा सारखे उच्चारता येत नसे, त्यामुळे इथे देण्यात अर्थ नाही. नावाखाली त्यांनी स्थापनेचे साल घातले.

"हे कोण?" बायकोने विचारले.

"घराणं."

"कुणाचं?"

"असतं एक."

"आणि हे साल? तेव्हा तुमचे आजोबासुद्धा जन्मले नव्हते."

"मागे काहीतरी परंपरा दिसायला नको का?"

"मग तुम्ही केलंत हे कुठे लिहिणार?"

"ते सांगायचं असतं," प्राध्यापक म्हणाले. "लिहिलं की हलकं वाटतं."

शेवटी सेकंदाचा काटा उरला. केसाएवढा काटा, त्याहून बारीक भोक. प्राध्यापकांनी दोन काटे वाकवले, एक हरवला, आणि उरलेल्या शेवटच्यापुढे हात टेकले. बायको दवाखान्यातून आली, हात धुऊन टेबलाशी बसली, भिंगातून एकदा पाहिले आणि काटा दाबून मोकळी झाली. अक्कलदाढेपेक्षा सोपे होते, म्हणाली. या घटनेचा उल्लेख प्राध्यापकांनी पुढे कधी केला नाही.

शनिवारी दुपारच्या चहाला त्यांनी घड्याळ मनगटावर बांधले. दुसऱ्या दिवशी दादांकडे जेवण होते. प्राध्यापक कप ओठाशी नेत होते तो मनगटापाशी बारीकसा 'टक्' आवाज झाला.

"अहो," बायको म्हणाली, "आज वीस तारीख ना? तुमच्याकडे एकवीस झाली."

साडेतीन वाजले होते. दुपारचे.

काटे बसवण्याआधी चावी फिरवत राहायची, तारीख टक्कन बदलली की तिथेच थांबायचे आणि काटे बारावर ठेवायचे. म्हणजे ती पुढे रोज मध्यरात्री बदलते. नियम एवढाच. प्राध्यापकांनी काटे बारावरच ठेवले होते, कारण बारावर एकत्र आलेले काटे दिसायला सुंदर. त्या वेळी यंत्राच्या पोटात किती वाजले असतील हे विचारायचे त्यांना सुचले नव्हते.

"काढा काटे, परत बसवा. मी दाबून देईन."

काढताना निळ्या रंगावर ओरखडा पडेल, या नुसत्या कल्पनेने प्राध्यापकांनी मनगट मागे घेतले. "दिवस मध्यरात्रीच बदलला पाहिजे हा काही निसर्गाचा नियम नाही," ते म्हणाले. "तो एक संकेत आहे."

"बरं झालं सांगितलंत. साडेतीननंतर येणाऱ्या रोग्यांना मी सांगत जाईन, कालची वेळ होती तुमची."

"आणि दादाकडे अडीचला जेवण आटोपतं. तो त्याआधी विचारेलच."

दादांनी त्याआधी विचारले नाही. वहिनींच्या ओव्हनने त्या दिवशीच दगा दिला, पदार्थ कच्चे राहिले, आणि सगळी मंडळी टेबलाशी सूप पीत ताटकळत बसली. प्राध्यापकांनी डाव्या हाताने मीठ दिले. डाव्या हाताने पाणी ओतले. दादा एका गिऱ्हाइकाने परत केलेल्या फरशांची कहाणी सांगत होते, तिच्यात प्राध्यापकांनी डावा हात हनुवटीखाली धरून असा रस घेतला, की वहिनींनी काळजीने विचारले, "भाऊजी, दात दुखतोय का?"

"त्यांचा दात माझ्या ताब्यात आहे," बायको म्हणाली. "दुखणं दुसरं आहे."

जेवण वाढेपर्यंत भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. प्राध्यापक आज त्याच्याचकडे बघत होते. आता बाही खाली ओढावी आणि पुढच्या रविवारची वाट पाहावी, असे त्यांनी ठरवले, आणि नेमकी तीच ओढलेली बाही दादांच्या डोळ्यांत भरली.

"काय लपवतोस रे छोट्या? बघू. नवं घड्याळ?" दादांनी मनगट धरून स्वतःकडे ओढले. "हे कुठलं रे?"

प्रश्न अक्षरशः ठरल्याप्रमाणे आला होता. दोन्ही शब्द प्राध्यापकांच्या दातांपर्यंत आले.

"थांब, सांगू नकोस!" दादा म्हणाले. चष्मा चढवून त्यांनी घड्याळ सोडवून घेतले, उजेडाकडे धरले, ते परके नाव ओठांतल्या ओठांत चाचपडले. मग मान डोलावली. "हां! म्हणजे हे तुझ्याकडे आलं तर. अरे, फार जुनं घराणं. वर्षाला मोजकीच काढतात. आमच्या क्लबात एकाकडे आहे, तो कुणाला बोट लावू देत नाही."

प्राध्यापक थक्क झाले. दोन शब्द उच्चारायचा अवकाश, दादा वहिनींच्या देखत उघडे पडले असते. सदरे, बूट, सायकल, सगळ्यांचा एका झटक्यात हिशेब चुकता झाला असता. पण दादा त्यांच्याकडे बघत होते. त्या नजरेत हेवा होता, आणि हेव्याच्या तळाशी आदर. अशा नजरेने दादांनी त्यांच्याकडे कधीच, पदवी मिळाली तेव्हाही, पाहिले नव्हते. आता 'मी केलं' म्हणायचे म्हणजे ती नजर साभार परत करायची.

"हो," प्राध्यापक म्हणाले. "मोजकीच काढतात."

बायकोने चमचा खाली ठेवला. तिने प्राध्यापकांकडे जसे पाहिले, तसे ती फक्त वाचवता न येणाऱ्या दातांकडे बघे.

तेवढ्यात दादांच्या तळहातावर 'टक्' झाले.

"अगं बाई!" वहिनी डोकावून म्हणाल्या. "ही तारीख पुढे गेली की. बिघडलंय हे."

प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले. पण दादा घराणे ओळखून चुकले होते, आणि एकदा 'ओळखलं' म्हटलेल्या माणसाला माघार नसते. त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला, आणि चारचौघांत अडाण्याला समजावून सांगावे तशा सुरात म्हणाले, "बिघडलेलं नाही. हीच तर खूण आहे त्यांची. पूर्वी त्यांच्याकडे कारागिरांची पाळी दुपारी बदलायची, म्हणून तारीखही दुपारीच बदलतात. नकली माल करणाऱ्यांना हेच जमत नाही."

"हे मला ठाऊक नव्हतं," प्राध्यापक म्हणाले. त्या टेबलाशी त्या दुपारी उच्चारलेले हे एवढेच खरे वाक्य.

"तुला कसं ठाऊक असणार? तू पुस्तकातला माणूस." बोलता बोलता दादांनी ते घड्याळ आपल्या मनगटावर चढवले होते आणि स्वतःचे उतरवले होते. "असं कर, हे माझं तू घे. कॉलेजात रोज वापरायला बरं. हे तुझ्याकडे नुसतं पडून राहील."

"पण दादा..."

"लाजतोस काय? माझंच वापरून मोठा झालास ना?"

दोघे चालत घरी निघाली. दादांचे घड्याळ प्राध्यापकांच्या मनगटावर सैल होत होते, सदरा होई तसे.

"निदान तारीख बरोबर दाखवतं," बायको म्हणाली. पुढच्या चौकात ती पुन्हा बोलली. "खरं तर काटे काढायचीही गरज नव्हती. चावीने तासकाटा एक पूर्ण फेरा पुढे नेला असता, तर तारीख पहाटे साडेतीनला बदलली असती. कोण बघायला येणार होतं?"

प्राध्यापक जागच्या जागी उभे राहिले. "मग हे काल का नाही सांगितलंस?"

"तुम्ही संकेतांबद्दल बोलत होतात. मला टेबल परत हवं होतं."

टेबल मोकळे झाले. त्याच्याशी बसून दोघे धड चार दिवस जेवली असतील-नसतील, तोच दादांचा फोन आला. दुकानातल्या भागीदाराने घड्याळ पाहिले होते. साडेतीनचा चमत्कार पाहायला तो रोज दादांच्या केबिनमध्ये येऊन बसत होता. त्यालाही अगदी तसेच हवे होते. "तुझी ओळख दिसतेय तिथे. बघ, एखादं मिळतं का."

"वेळ लागतो," प्राध्यापक म्हणाले. फोन ठेवून त्यांनी पंखा बंद केला.

पण या खेपेचे काम वेगळे झाले, हे कबूल केले पाहिजे. तबकडीची खिडकी त्यांनी चार वेळा पुन्हा कापली, सरळ येईपर्यंत. निळाई चढताच काटे उचलले, कुणाला "आता!" म्हणावे लागले नाही. सेकंदाचा काटा त्यांनी स्वतः बसवला, श्वास रोखून, एकाच दाबात. तारीख बदलताना पकडली आणि मगच काटे बारावर ठेवले. त्या सर्व दिवसांत त्यांना आपले व्याख्यान एकदाही आठवले नाही. काचेखाली कण नव्हता. घड्याळ सुंदर होते, आणि त्याला कुठलेही समर्थन लागत नव्हते. घराण्याचे नाव त्यांनी यावरही घातले, भागीदाराला तेच हवे होते म्हणून. पण मनाशी ठरवले की हे हातात देताना सांगायचे. आता सांगण्यासारखे काहीतरी होते.

"आज सांगतो दादाला," निघताना ते बायकोला म्हणाले. तिने त्यांच्या कॉलरवरचा धागा काढला. बऱ्याच दिवसांनी.

दादांच्या दुकानात, फरशांच्या नमुन्यांच्या भिंतीआड, दादा आणि भागीदार वाट पाहत बसले होते. भागीदार जाडजूड आणि मितभाषी होता. दादांनी एका संगमरवरी नमुन्यावर दोन्ही घड्याळे शेजारी शेजारी मांडली.

"दादा, मला जरा एक..."

"थांब रे. साडेतीन होतायत."

तिघेही वाकले. दादांच्या घड्याळात, तिरक्या खिडकीमागे, टक्कन उद्या आला. नवे घड्याळ शांतपणे चालत राहिले. ते थोडा वेळ थांबले. भागीदाराने ते हलवून पाहिले. आणखी थांबले.

"आजचीच आहे," भागीदार म्हणाला.

दादांनी नवे घड्याळ उचलून डोळ्यांजवळ नेले. खिडकी पाहिली, काटे पाहिले. "बघ, माझी खिडकी जराशी कलती आहे. जुन्या साच्याची खूण असते ती. ही सरळ आहे." त्यांनी ते खाली ठेवले आणि प्राध्यापकांच्या खांद्यावर हात टाकला. त्यात खरोखर माया होती. "छोट्या, तुला गंडवलं रे कुणीतरी. हे अस्सल नाही. हे कुणीतरी घरी बसून केलेलं आहे."

"दिसायला तसं बरं आहे," भागीदार म्हणाला.

"बरं असून काय उपयोग?"

"मी," प्राध्यापक म्हणाले.

"तू काय?"

दोघेही त्यांच्याकडे बघत होते. दादांच्या नजरेतला तळाचा आदर अजून तिथेच होता, थोडी कीव मिसळलेला, पण होता. फरशीवर ते घड्याळ एकही चूक न करता चालले होते.

"मी बदलून आणतो," प्राध्यापक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बायको दवाखान्यातून परतली तेव्हा पंखा बंद होता. टेबलावर पांढरा कागद होता, दिवा लागला होता, आणि प्राध्यापक घड्याळाची काच काढून काटे उपसत होते.

"बंद पडलं?"

"नाही. चालतं."

"मग?"

"तारीख मध्यरात्री बदलते," प्राध्यापक म्हणाले. त्यांनी वर पाहिले नाही. "ती साडेतीनला बदलायला हवी. आणि खिडकी जरा कलती करायचीय."

बायको पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली. प्राध्यापकांनी तबकडी उतरवली, खिडकीचा एक कोपरा कानशीने कलता केला आणि ती परत बसवली. चावी फिरवत प्राध्यापकांनी तारखेचा 'टक्' पकडला, आणि दोन्ही काटे मोठ्या अचूकपणे, रेसभरही इकडेतिकडे न होऊ देता, साडेतीनवर ठेवले. मग सेकंदाचा काटा चिमट्यात धरला. भोकापाशी नेला, आणि परत खाली ठेवला.

"एवढा दाबून देतेस?"

ती हात धुऊन आली. टेबलाशी बसली, भिंग ओढून घेतले. मग काही आठवल्यासारखे तिने पर्समधले फडके काढले आणि नाकातोंडावर घट्ट बांधले.

"ते कशाला?" प्राध्यापकांनी विचारले.

"कुणाचा श्वास नको जायला यात," ती म्हणाली, काटा दाबला, आणि आपली प्लेट घेऊन ओट्याशी गेली.